तिरपा टाइप आणि अर्धी पत्रिका

मी घरात सवत आणली असा आरोप बायकोनं माझ्यावर केला तेव्हा आमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि खरं सांगायचं तर आरोपात तथ्य होतं. सवत शिशाची होती, छापायच्या अक्षरांची. पुण्याच्या एका टाइप फाउंड्रीतून एस.टी.च्या टपावर बसून, दोन खोक्यांत, कागदाच्या पुड्यांत बांधून आली होती. त्या दिवशी मी दुपारी जेवायला घरी गेलो नाही. घरून डबा आला, तोही तसाच परत गेला. पुडी सोडायची, एक खिळा काढायचा, उजेडाकडं धरायचा, परत ठेवायचा, असं माझं चाललेलं. आमचे जुळारी चाचा खिडकीशी बसून हे सगळं पाहत होते. शेवटी म्हणाले की मालक, हळद लावायची राहिली असेल तर तीही उरकून घ्या.

नवीन जालन्यात स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला माझा छापखाना होता. एक खोली, पायानं मारायचं एक ट्रेडल मशीन, मराठी खिळ्यांच्या सहा केसा, इंग्रजीच्या दोन, आणि चाचा. एक्याऐंशी साली जालना वेगळा जिल्हा झाला, त्याच साली मी भोकरदनकडचं आमचं गाव सोडून इथं दुकान मांडलं. माझा अंदाज साधा होता. जिल्हा झाला की कचेऱ्या येणार, कचेऱ्या आल्या की कागद लागणार. अंदाज खरा निघाला, उलट कमीच पडला. जिल्ह्याच्या गावात राहतो म्हटल्यावर जो तो आपल्याला लेटरहेड लागतंच असं समजायला लागला. ज्यांना वर्षातून दोन पत्रं लिहायची नसत तेही पाचशे कागद छापून नेत. मी कशाला नको म्हणू?

चाचा जुन्या जालन्यातले. घरात उर्दू. तरुणपणी त्यांनी बोरूनं उर्दू लिहिण्याचं रीतसर शिक्षण घेतलं होतं, पण त्या कामावर घर चालेना म्हणून खिळे जुळवायला शिकले. खिळा म्हणजे एका अक्षराचा शिशाचा उभा तुकडा. केसेतल्या, म्हणजे लाकडी खणातल्या, घराघरांतून एकेक खिळा उचलायचा, हातातल्या पट्टीत लावायचा, अशी ओळ तयार करायची, आणि पान छापून झालं की प्रत्येक खिळा ज्याच्या त्याच्या घरात परत टाकायचा. चाचांना इंग्रजीचा एक शब्द वाचता येत नव्हता, तरी इंग्रजी ते माझ्यापेक्षा जल्दी जुळवायचे. मी अर्थ वाचत बसायचो आणि चुकायचो. ते फक्त आकार पाहायचे.

आता त्या टाइपाबद्दल. टाइप इंग्रजी अक्षरांचा, कॅटलॉगमध्ये त्याला मोठं भारदस्त नाव होतं, आम्ही त्याला नुसतं ‘तिरपा’ म्हणायचो. लोकांना वाटतं की तिरपा म्हणजे उभं अक्षर घेतलं आणि जरा कलतं केलं. बिलकुल नाही. आजकाल कॉम्प्युटरवर एक बटण दाबतात, अख्खी ओळ धक्का लागल्यासारखी कलंडते, आणि त्याला तिरपा म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतात. ते पाहिलं की माझं डोकं फिरतं. नातेवाइकांच्या लग्नात पत्रिका मी अजूनही चष्म्यावरून पाहत बसतो आणि मंग बायको मला तिथून उठवून जेवायला नेते.

खऱ्या तिरप्याची घडणच निराळी. उभ्या ‘ए’च्या डोक्यावर छप्पर असतं, तिरप्यात ते छप्पर नाही, नुसतं गोल पोट आणि शेजारी एक बारीक दांडी, तीही खाली जाऊन जराशी वळलेली. उभा ‘एफ’ ओळीवर थांबतो, तिरपा ओळीच्या खाली शेपूट सोडतो आणि वर डोकं पुढं काढतो. ते डोकं खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबतं, म्हणून शेजारी उंच अक्षर दाबून बसवलं की मोडतं. माझे पहिल्याच महिन्यात तीन ‘एफ’ मुंडक्याविना झाले. रेघ जाड सुरू होते, वळताना केसाएवढी बारीक होते, पुन्हा भरते. टोकांना जे पाय असतात ते उभ्या टाइपात चपलेसारखे सपाट, तिरप्यात मात्र जाता जाता पेन उचलल्यासारखे. चाचांचं म्हणणं होतं की उभं अक्षर नोकरीवर उभं आहे आणि हे भेटायला चालत निघालंय. त्यांच्या उर्दूत तर सगळीच अक्षरं निघालेली असतात, त्यामुळं त्यांना हा टाइप घरचा वाटायचा. मी त्याला हात लावू देत नव्हतो याचा त्यांना राग होता, पण ते दाखवत नसत. फक्त मी मोडलेल्या ‘एफ’ची मुंडकी एका काडेपेटीत जमा करून माझ्या टेबलावर ठेवत.

तिरप्याचे भक्त गावात लवकरच तयार झाले. डॉक्टरांना डिग्री त्यात पाहिजे, वकिलांना नाव त्यात पाहिजे. एका शाळेनं बक्षिसाची सर्टिफिकेटं त्यात छापून घेतली. सगळ्यात जास्त जीव लोकांचा त्यातल्या ‘अँड’च्या ‘&’ या खुणेवर बसला. फार देखणी खूण होती ती, एका दमात फिरवलेली, शेवटी हलकेच वर गेलेली. धान्याच्या मोंढ्यातल्या एका शेठना ती इतकी आवडली की दुकानाच्या नावापुढं ‘अँड सन्स’ लावा म्हणाले. मी म्हटलं, शेठ, तुम्हाला तर तीन मुली. ते म्हणाले, असू द्या हो, त्या चिन्हाशिवाय नाव उघडं दिसतं. लावलं. त्या तिन्ही मुली पुढं त्याच लेटरहेडवर बापाची पत्रं लिहायच्या.

पण हा टाइप घेताना घरी आणि बँकेत मी जे कारण सांगितलं होतं ते हौसेचं नव्हतं, ते कारण म्हणजे माझी धाकटी बहीण.

ती बी.एस्सी. होऊन एका बियाण्याच्या कंपनीत लॅबमध्ये लागली होती आणि आमच्याकडंच राहायची. तिचं काम सांगायला सोपं, करायला महाचिकट. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, कागद गुंडाळून ठेवायचा, ठरलेल्या दिवशी उघडायचा आणि किती उगवले, किती वेडेवाकडे उगवले, किती मेले ते मोजायचं. तिनं होय म्हटल्याशिवाय त्या मालाच्या पिशवीवर लेबल लागत नसे. ते लेबल छापायचं काम मला मिळालं. पहिलं लेबल मी हौसेनं करून दिलं, तर बाईसाहेबांनी ते तांबड्या पेननं रंगवून परत पाठवलं. म्हणे कपाशीचं शास्त्रीय नाव उभ्या टाइपात चालत नाही, तिरपंच पाहिजे, जगात सगळीकडं तशीच रीत आहे. मी म्हटलं, कपाशीला काय कळतंय. ती म्हणाली की कपाशीला कळत नसलं तरी मला कळतं, आणि सही माझी आहे.

झालं. मी तिरपा मागवला. गॉसिपियम हिरसुटम त्यात असं काही उठून दिसलं की मला कपाशीबद्दल आदर वाटायला लागला. आमच्या सात पिढ्यांनी ती पेरली, पण तिचं असं नाव आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. ज्वारी सॉर्घम बायकलर झाली. तुरीनं मात्र छळलं. तुरीचं नाव कजानस कजान. त्यात ‘ए’ चार आणि ‘जे’ दोन. एका वेळी आठ लेबलं छापायची तर एवढे ‘जे’ आणायचे कुठून?

इथं मला पहिल्यांदा कळलं की माझी सवत उपाशी आहे. फाउंड्रीवाले खिळे देतात ते इंग्रजी मजकूर डोळ्यापुढं ठेवून. ‘ई’ ढीगभर, ‘टी’ ढीगभर, ‘ए’ मात्र बेताचे. आणि आपली नावं इंग्रजीत लिहा, जरा पाहा, पावलापावलाला ‘ए’. आईचं नाव लिहा, गावाचं लिहा, देवाचं लिहा, ‘ए’शिवाय घास उतरत नाही. माझ्याकडं ‘ई’चं घर कायम भरलेलं आणि ‘ए’चं घर दोन ओळींत रिकामं. फाउंड्रीला तीन पत्रं टाकली. चौथ्यांदा उत्तर आलं की सुटे खिळे देत नाही, आख्खा संच घ्या. म्हणजे आणखी ढीगभर ‘ई’! मी ते पत्र चाचांना वाचून दाखवलं.

मंग आम्ही एक युक्ती काढली. मोठा मजकूर असला की तो दोनदा छापायचा. आधी वरचा अर्धा जुळवायचा, सगळे कागद त्यावर काढायचे, वाळू द्यायचे, तोवर खिळे सोडून घराघरात टाकायचे, मंग त्याच खिळ्यांनी खालचा अर्धा जुळवायचा आणि तेच कागद पुन्हा मशीनवर चढवायचे. दुसऱ्या खेपेला कागद केसभर सरकला तरी ओळी दारू प्यायल्यासारख्या दिसत. पण मशीनवर कागद लावण्यात चाचांचा हात असा होता की कोणाला सांगूनही पटत नसे.

आणखी एक रीत होती, ती चाचांचीच. प्रूफवर गिऱ्हाइकाची सही असल्याशिवाय मशीनला पाय लावायचा नाही. एकदा एका तेलाच्या व्यापाऱ्यानं हिरवी शाई सांगून, माल तयार झाल्यावर मी तर निळी म्हणालो होतो असा कांगावा केला, त्यानंतर चाचा या बाबतीत कोणाचं ऐकत नसत. कलेक्टर कचेरीचा शिपाई आला तरी सही. माझ्या सासऱ्यांचीसुद्धा घेतली होती.

अशी चार वर्षं गेली आणि बहिणीचं लग्न ठरलं. मुलगा औरंगाबादला सरकारी खात्यात इंजिनिअर, दिसायला बरा, घर पक्कं. पाहण्याच्या दिवशी मुलाच्या वडिलांनी पोहे खाता खाता सांगून टाकलं की आमच्यात सुनेनं नोकरी करायची पद्धत नाही, लग्नाआधी राजीनामा द्यावा लागेल. आमचे आबा, म्हणजे वडील, गावाहून आल्ते. ते म्हणाले, बराबर हाये. मीही मान डोलवली. बहीण चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, ती जराशी थांबली आणि मंग आत आली.

पुढं पंधरा दिवसांत तिनं मला एकदाच विचारलं, की भाऊ, नोकरी खरंच सोडायची का? मी म्हटलं, आधी लग्न तर होऊ दे, मंग पाहू. हे वाक्य बोलणाऱ्याला मंग काही पाहायचं नसतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. बायको म्हणाली की ती नीट जेवत नाही. मी म्हटलं, लग्न ठरलं की पोरी अशाच करतात. माझं सगळं ध्यान तेव्हा एकाच गोष्टीत होतं. सांगायला लाज वाटते, पण ती गोष्ट म्हणजे पत्रिका.

पाहुण्यांना इंग्रजी पत्रिका पाहिजे होती आणि मला तेवढंच पाहिजे होतं. औरंगाबादच्या लोकांनी बोटं तोंडात घातली पाहिजेत असं काहीतरी करायचं मी ठरवलं. अख्खी पत्रिका तिरप्यात! जाड मलईरंगाचं कार्ड आणलं, काळ्यात जरासा तपकिरी टाकून शाई घोटली. मी आठ दिवस कच्च्या कागदावर ओळी मांडत होतो. अर्थात ‘ए’ पुरणार नव्हतेच. आमच्या घरची नावं, गावाचं नाव, तिकडची नावं, सगळीकडं ‘ए’चा सुकाळ. मंग पत्रिका दोन खेपांत छापायची ठरली. पहिल्या खेपेत वरचं: अमुक आणि सौ. अमुक आपल्याला विनंती करतात की त्यांची कन्या अमुक हिच्या विवाहाला यावं, आणि मंग एकटा शब्द ‘विथ’. दुसऱ्या खेपेत त्याखाली मुलाचं नाव, त्याचे आईवडील, दिवस, वेळ, मंगल कार्यालय.

प्रूफंही त्यामुळं दोन निघणार. वरच्या अर्ध्यावर आबांनी सही केली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण अक्षरावरून बोट फिरवून लई झ्याक म्हणाले. खालच्या अर्ध्यावर मुलाच्या वडिलांची सही घ्यायला मी औरंगाबादला जाणार होतो. चाचांची रीत मी अगदी काटेकोर पाळून राह्यलो होतो, मला तर स्वतःचं कौतुकच वाटत होतं.

पहिली खेप झाली. चारशे पत्रिका दोऱ्यांवर, टेबलावर, खिडकीत, जिथं जागा मिळेल तिथं वाळत घातल्या होत्या. वरच्या अर्ध्याचे खिळे मी सोडून टाकले होते आणि खालचा अर्धा जुळवत होतो, चाचा दुसऱ्या एका मराठी कामाचे खिळे घरात टाकत होते. पाचच्या सुमाराला कंपनी सुटल्यावर बहीण आली. तुरीच्या लेबलाचं प्रूफ तपासून सही करून आणलं होतं तिनं. ते माझ्यापुढं ठेवलं आणि दोऱ्यावरची एक पत्रिका काढून हातात घेतली.

बराच वेळ ती पाहत होती. मला वाटलं, मोहून गेली. मी लगेच सुरू झालो, शाईत तपकिरी कसा टाकला, ‘ए’ कसे पुरवले, तिच्या नावातल्या मोठ्या अक्षराला फुगीर वळण आहे ते कसं शोधून काढलं. तोंडाचा पट्टा चालूच. ती मधेच म्हणाली, “हे अर्धंच हाये.”

मी म्हटलं की अर्धंच असणार, खालचं जुळवून राह्यलो.

“याचं प्रूफ कोनाला दाखवलं?”

“आबाला. खालचं उद्या तिकडच्यांना दाखवीन.”

“अन् मला?”

मी हसलो. खरंच हसलो. म्हटलं, “तुला कशाला? तुझीच तर पत्रिका हाये.”

ती हसली नाही. तुरीच्या लेबलावरच्या आपल्या सहीवर बोट ठेवून म्हणाली, “या तुरीच्या नावासाठी तू कंपनीच्या गेटपर्यंत येतो. माझ्या नावासाठी न्हाई आला.”

मी भडकलो. माझं तसंच आहे, उत्तर सुचलं नाही की आवाज चढतो. म्हटलं कार्यालय ठरलंय, वाजंत्री ठरलेत, मामाला पत्र गेलंय, आबांनी अख्ख्या गावात सांगितलंय, आता हे काय नवीन? आणि असं चांगलं स्थळ काय रोज दारात येतं? ती उभ्यानं सगळं ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं सांगितलं की मुलाबद्दल तिचं काही म्हणणं नाही. फक्त नोकरी सोडणार नाही. उद्या तिकडं जातोच आहेस तर एवढं विचार. ते होय म्हणाले तर माझी सही घे आणि छाप. नाही म्हणाले तर माझ्या नावाखाली काही लावू नको.

चाचा इतका वेळ खाली मान घालून खिळे टाकत होते. घरात खिळा पडल्याचा बारीक टक् टक् आवाज येत होता, तो थांबला. ते म्हणाले, “मालक, सही तो उनकी होना थी.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी औरंगाबादला गेलो. प्रूफ पिशवीत. मुलाच्या वडिलांनी प्रूफ हातात घेतलं आणि फार खूश झाले. अक्षराची तारीफ केली, घरच्या चार माणसांना दाखवलं, खिशातलं पेन काढून ऐटीत सही ठोकली. एवढ्या तारिफेनंतर माझ्या तोंडातून ती गोष्ट निघेना. दुसरा चहा आला तेव्हा मी कसंबसं म्हटलं की बहिणीची इच्छा आहे, नोकरी चालू ठेवायची. जालन्याहून बदली होऊन इथल्या ऑफिसातही काम मिळेल.

ते मोठ्यानं हसले. रागावले नाहीत बरं का, रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. म्हणाले की अहो, दाणे मोजायला घरची सून कशाला पाठवायची, त्याला तर रोजानं बाया मिळतात. बसलेले सगळे हसले. मुलगा पेपर वाचत होता. त्यानं पान उलटलं आणि पुढचं वाचायला लागला. मी कपात पाहत चहा पिऊन टाकला. चहा गोड होता, चांगला होता, आणि मला आजही आठवतं की तो मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो.

परतीच्या गाडीत बदनापूरपर्यंत मी त्यांच्या बाजूनं वाद घालत होतो. घरंदाज माणसं आहेत, पुढं जाऊन नरमतील, मुलगा समजूतदार दिसतो. बदनापूरनंतर मुद्दे संपले. त्या माणसानं कुठं पेन उचलून सही केली आणि कुठं हसला एवढंच डोळ्यापुढं यायला लागलं. तिनं होय म्हटल्याशिवाय हजारो पिशव्यांवर लेबल लागत नाही, हे मी तिथं सांगायला पाहिजे होतं. मला ते माहीत होतं. माझ्याइतकं ते कोणालाच माहीत नव्हतं. आणि मी गप बसलो, कारण त्यांनी माझ्या टाइपाला चांगलं म्हटलं होतं.

छापखान्यात आलो तर मी आदल्या रात्री जुळवून बांधलेली दुसरी खेप तशीच होती, मशीनवर चढवायची तेवढी बाकी. चाचांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि शाईचा डबा बंद केला. मी बांधलेला मजकूर सोडला आणि एकेक खिळा घरात टाकायला बसलो. मुलाचं नाव, बापाचं नाव, मंगल कार्यालय. चाचा शेजारी येऊन बसले. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना तिरप्याला हात लावू दिला, आणि दोघांनी मिळून अर्ध्या तासात सगळं मोकळं केलं.

संध्याकाळी मी बहिणीला झालं ते सगळं सांगितलं. मी चहा पीत बसलो तेही सांगितलं. ती रडली नाही, मला वाटलं होतं रडेल. तिनं फक्त विचारलं की आबांना कोण सांगणार. मी म्हटलं, मी.

आबा दुसऱ्या दिवशी सकाळच्या भोकरदन गाडीनं येणार होतेच, पहिली पत्रिका गावच्या मारुतीपुढं ठेवायला न्यायची म्हणून. आले, हातपाय धुतले, छापखान्यातल्या स्टुलावर बसले आणि पत्रिका दे म्हणाले. बहीण कंपनीत जाता जाता छापखान्यात आली होती, तीही थांबली. मी एक पत्रिका त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत पाहिली आणि वाचून दाखव म्हणाले. मी मराठीत सांगत गेलो. तुमचं नाव, आईचं नाव, कन्या अमुक, हिचा विवाह, यांच्याशी.

“कोनाशी?”

मी म्हटलं की आबा, पुढचं छापलं नाही. आणि मंग एका दमात सगळं सांगितलं. सांगताना मशीनकडं पाहत होतो, त्यांच्याकडं पाहायची हिंमत नव्हती. आबा म्हणजे तोंडानं फटकळ माणूस, गावात भांडण मिटवायला त्यांना बोलवत कारण त्यांच्यापेक्षा मोठ्यानं कोणी ओरडू शकत नसे. मी ओरडण्याची वाट पाहत होतो. ते बहिणीकडं वळून म्हणाले, “अदुगर सांगायचं नं, बाय.”

“अदुगर कोनी इचारलंच न्हाई, आबा.”

आबांनी पत्रिका मांडीवर उलटी ठेवली. बाहेर मोटरसायकली चालल्या होत्या, एक ऑटोवाला भाड्यावरून कोणाशी तरी वाद घालत होता. चाचा उठून पाण्याचा तांब्या भरून घेऊन आले. आबा पाणी प्यायले, तोंड पुसलं आणि बहिणीला विचारलं की किती वाजता जायचं असतं तुला. ती म्हणाली, नवाला. ते उठले. टोपी घातली. म्हणाले, “चाल मंग. मी येतो संगं. दाने कसे मोजतात ते पाहू दे मला.”

दोघं निघाले. ती पुढं, आबा एक पाऊल मागं, तिनं दोनदा थांबून त्यांना रस्ता ओलांडून दिला. मी दारात उभा राहून पाहत होतो. चार वर्षं मी तिच्या लेबलांवर कपाशी आणि ज्वारी आणि तूर तिरप्यात जुळवत होतो, आणि तिची लॅब कंपनीच्या कोणत्या मजल्यावर आहे हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.